जर-तरच्या लढाया आणि रसदेचा हिशेब

इतिहासांत ‘जर’ या शब्दाला जागा नाहीं, असें इतिहासाचे पंडित वारंवार बजावीत असतात. आणि तें बजावून झाल्यावर पांच-पंचवीस पृष्ठें गेलीं न गेलीं तोंच त्यांच्याच लेखणींतून एखादा ‘जर’ निसटतो. यांत त्यांचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एखादी गोष्ट अमक्या कारणामुळें झाली असें म्हणण्याचा अर्थच असा कीं, तें कारण नसतें तर ती झाली नसती. म्हणजे कार्यकारणभाव सांगणारा प्रत्येक इतिहासकार मनांतल्या मनांत दुसरा, न घडलेला इतिहास रचीत असतोच. तेव्हां जर-तर करावें कीं करूं नये हा वाद व्यर्थ आहे. खरा वाद चांगला ‘जर’ कोणता व वाईट कोणता याविषयींचा. आणि त्याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाहीं. कादंबरीचें परीक्षण होतें, चरित्राचें होतें, बखरीची तर चिरफाड होते; पण ‘असें झालें असतें तर’ या जातीच्या लेखनाला कोणी कसोटी लावीत नाहीं. वाचून वाहवा करावी किंवा हळहळावें, एवढाच त्याचा उपयोग समजला जातो.

या जातीचें लेखन आज जगांत विपुल होत असेल तर तें १९४१ ते १९४५ च्या जर्मन-सोविएत युद्धावर. २२ जून १९४१ रोजीं सुमारें तीस लक्ष जर्मन सैन्य सोविएत सरहद्द ओलांडून आंत शिरलें, आणि डिसेंबरांत मॉस्कोच्या उंबरठ्यावर थबकलें. त्या थबकण्यांतून ‘जर’ निघाले ते निघालेच. हिटलरनें ऑगस्टांत रणगाडे दक्षिणेस कीव्हकडे न वळवितां सरळ मॉस्कोवर घातले असते तर? बाल्कन देशांच्या भानगडींत न पडतां मे महिन्यांतच स्वारी केली असती तर? हिंवाळा पंधरा दिवस उशिरां आला असता तर? युद्धानंतर जर्मन सेनापतींनीं लिहिलेल्या आठवणींनीं या प्रश्नांना भरपूर खतपाणी घातलें. त्या आठवणींचा सूर एकच: आम्ही जिंकत आलों होतों, एका माणसाच्या हट्टापायीं हरलों. मेलेला धनी आरोप झेलण्यास फार सोयीचा असतो; तो उलट उत्तर देत नाहीं.

या ‘जर’ना पहिलें भरभक्कम उत्तर सेनापतींकडून मिळालें नाहीं. तें पुरवठ्याचे कागद चाळणाऱ्यांकडून मिळालें. मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड या लेखकानें १९७७ सालीं युद्धांतील रसदेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत रशियाच्या स्वारीला एक स्वतंत्र प्रकरण दिलें. तें वाचल्यावर नकाशावरचे मोठाले बाण फिके पडूं लागतात. जर्मन सैन्य म्हणजे पोलादाचा लोंढा, अशी आपली समजूत चित्रपटांनीं करून दिलेली आहे. वस्तुतः त्या सैन्याबरोबर सहा लक्षांहून अधिक घोडे होते, आणि पायदळाचा बहुतेक भाग खरोखरच पायीं चालत होता. मालमोटारी होत्या त्या निरनिराळ्या देशांतून गोळा केलेल्या, नाना जातींच्या. एकीचा सुटा भाग दुसरीला बसावयाचा नाहीं. आगगाडीच्या शेवटच्या ठाण्यापासून मोटारींनीं फार तर पांचशें किलोमीटर पुरवठा करतां येईल असा त्यांचा अजमास. त्यापलीकडे, वाहून न्यावयाच्या तेलाचा मोठा वांटा वाहणारी मोटारच पिऊन टाकते. आणि मॉस्को तर सरहद्दीपासून हजार किलोमीटरांच्या घरांत.

मग आगगाडी पुढें न्यावी. पण रशियाचे रूळ पांच फूट अंतराचे, जर्मनीचे चार फूट साडेआठ इंचांचे. ही अडचण काय असते हें दौंडकडच्या जुन्या मंडळींस समजावून सांगावें लागणार नाहीं. दौंडहून बारामतीस अरुंद रुळांची गाडी जात असे त्या काळीं मोठ्या गाडीचा डबा पुढें नेणें शक्यच नव्हतें. पोतें न् पोतें दौंडास उतरवून धाकट्या गाडींत चढवावें लागे. एका तालुक्याच्या मालाचें तें काम हमालांच्या पाठीवर निभावलें. रशियांत तीच गोष्ट तीस लक्ष माणसांच्या अन्नाची, दारूगोळ्याची व तेलाची होती. रूळ उखडून आंत सरकविणें त्या मानानें सोपें. परंतु जर्मन इंजिनाला पाणी लवकर लवकर लागे, आणि पाण्याचीं ठाणीं रशियन इंजिनांच्या हिशेबानें दूर दूर बांधलेलीं. थंडी पडल्यावर इंजिनांच्या नळ्या गोठून फुटूं लागल्या.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे ऑगस्टांतला तो प्रसिद्ध मुक्काम निराळा दिसूं लागतो. स्मोलेन्स्कच्या पुढें जर्मन मध्यसेना थांबली ती केवळ हिटलर व त्याचे सेनापती यांचें एकमत होईना म्हणून नव्हे. पुढें जाण्यापुरता सांठाच पुढें आलेला नव्हता. बगलेवर कीव्हची प्रचंड सोविएत फौज होती. तेथें मागाहून सहा लक्षांहून अधिक कैदी सांपडले, यावरून ती बगल सोडून पुढें जाणें किती धोक्याचें होतें तें समजावें. मे महिन्याचा ‘जर’ही असाच लंगडा पडतो; कारण त्या वर्षीं वसंतांत नद्या फुगलेल्या होत्या व वाटा चिखलानें भरलेल्या होत्या. दुसरे बाजूस सोविएतांनीं पहिल्या कांहीं महिन्यांत दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने उखडून पूर्वेकडे नेले, आणि पुढें अमेरिकेकडून त्यांस चार लक्षांच्या आसपास मोटारी व जवळजवळ दोन हजार इंजिनें मिळालीं. रणगाड्यांच्या गोष्टी सांगणारांना या गोष्टी रुक्ष वाटतात. त्या रुक्ष आहेतच. दाण्याचा हिशेब काव्यमय कोठून असणार?

मात्र रसद म्हणजे कोठीवाल्याची सोय, एवढाच अर्थ कोणी घेऊं नये. स्वारीच्या आधींच जर्मन अधिकाऱ्यांनीं असें ठरविलें होतें कीं, सैन्य जिंकलेल्या मुलुखावरच पोसावयाचें. त्यामुळें तेथील कोट्यवधि माणसें उपाशीं मरतील हें त्यांच्या मे १९४१ च्या कागदांत सरळ मांडलेलें आहे. लेनिनग्राडचा वेढा ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत चालला, व त्यांत आठ लक्षांच्या वर नागरिक मुख्यतः भुकेनें मेले. जर्मनांच्या हातीं लागलेल्या सुमारें सत्तावन लक्ष सोविएत कैद्यांपैकीं तेहेतीस लक्षांच्या आसपास मेले, असा इतिहासकारांचा अजमास आहे. तेव्हां ‘मॉस्को पडलें असतें तर’ असा प्रश्न घालून जो लेखक बाण पुढें सरकवितो, त्यानें त्या बाणामागून चालणाऱ्या भुकेचाही जाब दिला पाहिजे. आम्हीं वाचलेल्या अशा लेखांपैकीं फारच थोड्यांत तो दिलेला आढळतो. खेळ चालतो सोंगट्यांचा. सोंगट्या जेवीत नाहींत.

आतां हें परदेशचें पुराण आम्हीं मराठी वाचकांपुढें कां मांडलें, असें कोणी विचारील. कारण असें कीं, आमच्याकडचे ‘जर’ही याच सांच्यांतून निघालेले आहेत. एक माणूस, एक गोळी, एक चुकलेला बेत, आणि मग हळहळ.

मराठी जर-तरचें आद्यपीठ अर्थातच पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजीं दुपारीं विश्वासरावास गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसतांच फौजेचा धीर सुटला. ही कथा घराघरांत इतकी सांगितली गेली आहे कीं, ती गोळी चुकती तर काय होतें हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडतो. डॉ. जयंत नारळीकर यांनीं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत तोच प्रश्न घेतला. पुण्याहून मुंबईस निघालेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका निराळ्याच हिंदुस्थानांत जाऊन पोंचतात; तेथें विश्वासरावाच्या कानाजवळून गोळी निसटून गेलेली असते व मराठी सत्ता टिकलेली असते. कथा अतिशय नेटकी आहे. तिचा मूळ हेतु आधुनिक विज्ञानांतील अनिश्चिततेची कल्पना समजावून देण्याचा आहे, आणि त्यासाठीं क्षणांत इकडचें तिकडे होणारी एखादी बारीकशी घटना लेखकाला हवी होती. गोळी त्या कामास उत्तम. परंतु विज्ञानाच्या दृष्टीनें जी घटना सोयीची, ती इतिहासाच्या दृष्टीनें निर्णायक असेलच असें नाहीं. आणि या कथेच्या मोहिनीनें वाचकाच्या मनांत पानिपताचें सारें ओझें त्या एका गोळीवर येऊन बसतें, ही आमची तक्रार आहे.

ओझें कोठें होतें? १७६० च्या ऑगस्टांत दिल्ली हातीं आली तेव्हां भाऊसाहेबांस फौजेच्या खर्चासाठीं दिवाण-इ-खासाचें रुप्याचें छत काढून घ्यावें लागलें. १७ ऑक्टोबरास कुंजपुरा घेतला. तेथें धान्य मिळालें. पण आठ-दहा दिवसांतच अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठी छावणी यांच्यामध्यें येऊन बसला. नोव्हेंबरच्या आरंभापासून छावणी पानिपतास कोंडली. बरोबर बायकामाणसें, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारों न लढणारे जीव. गोविंदपंत बुंदेले शत्रूची रसद तोडण्याच्या कामावर होते. ते डिसेंबरांत मारले गेले. अब्दालीस अंतर्वेदींतून दाणा मिळत राहिला, मराठ्यांचा बंद झाला. शेवटीं सैन्य खंदकाबाहेर पडलें तें विजयाचा मुहूर्त साधून नव्हे. उपाशीं मरण्यापेक्षां लढून मरावें म्हणून. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ आम्ही मोलाचा मानतों तो यासाठीं कीं, त्यांत मोहिमेचे मुक्काम, नदीचे उतार आणि पैशाची चणचण यांस वीरश्रीइतकीच जागा मिळाली आहे. विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या कादंबरींतही छावणीची उपासमार वाचकाच्या अंगावर येते. म्हणजे साहित्यानें भूक पाहिलेली आहे. जर-तरनें ती अजून पाहिलेली नाहीं.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें मांडलें पाहिजे. दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती हें खरें. आणि विजयी सैन्याला सायंकाळीं शत्रूची छावणी लुटून जेवतां येतें, हेंही खरें. गोळी चुकून जय मिळता तर अंतर्वेदीचा दाणा मोकळा होता. हें आम्ही मान्य करतों. पण मग दुसरा प्रश्न येतो. पराभव होऊनही दहा वर्षांत, १७७१ सालीं, मराठे पुन्हां दिल्लींत होते. आणि १७७२ च्या आरंभीं त्यांच्याच आधारानें शहाआलम दिल्लीस आला. म्हणजे पानिपतावर जें गेलें त्यांतलें राजकीय वजन बरेंच परत मिळालें. परत मिळालें नाहीं तें द्रव्यबळ. पुण्याहून दौंडकडे जातांना डाव्या हातास थेऊर लागतें. तेथें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थोरले माधवराव क्षयानें वारले. ग्रँट डफपासून आजपर्यंत अनेकांनीं त्या मृत्यूला पानिपताइतकीच मोठी हानि म्हटलें आहे, आणि ‘माधवराव जगते तर’ हा मराठींतला दुसरा मोठा ‘जर’ आहे. तो पहिल्यापेक्षां पुष्कळ बरा. कारण माधवराव जगते तर काय करते, हें त्यांनीं अगोदर अकरा वर्षें काय केलें यावरून ताडतां येतें. पण मृत्युशय्येवर त्यांस सर्वांत मोठी चिंता कशाची होती? कर्ज फेडण्याची. ज्या राज्याचा कर्ता पेशवा मरतांना सावकारांचीं नांवें आठवीत होता, त्या राज्याचे ‘जर’ तलवारीच्या टोंकावर तोलणें बरोबर नव्हे.

याहून स्पष्ट दाखला शिरूरचा आहे, आणि तो आमच्या टापूंतला असूनही त्याकडे या नजरेनें पाहिलेलें आम्हांस आढळत नाहीं. घोडनदीच्या कांठचें हें गांव मोठें झालें तें कशानें? पुणें व नगर (आजचें अहिल्यानगर) यांच्या वाटेवर, बारमास पाण्याच्या आधाराला, दोन्ही बाजूंस ज्वारी-बाजरीचा मुलूख असलेलें हें ठिकाण. वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या ‘रक्षणार्थ’ ठेवलेल्या कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी येथें पडली. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतल्यावर या वाटेचीं दोन्हीं टोंकें कंपनीच्या नजरेखालीं आलीं. वेलस्लीच्या मोहिमांचें गुपित त्याच्या तोफांत शोधूं नये; बैल आणि लमाण यांची तजवीज लागल्याखेरीज तो पाऊल उचलीत नसे. त्याच्या हाताखालीं वाढलेला कर्नल वॉलेस १८०९ सालीं शिरूरास वारला. त्याचें थडगें आजूबाजूच्या गांवचे लोक सत्पुरुषाचें स्थान म्हणून पुजीत, व सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य तेथें नेत, अशी जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे. परक्या शिपायाच्या थडग्यावर आमच्या शेतांतलें पहिलें धान्य! छावणीचा आणि मुलुखाचा संबंध काय असतो, हें दाखविणारें याहून बोलकें चित्र आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याच शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन निघाला. बरोबर मुंबई पायदळाची एक पलटण, सुमारें अडीचशें स्वार, दोन तोफा व मद्रासकडचे कांहीं गोरे गोलंदाज. सारे मिळून आठशें-साडेआठशें. रातोरात सुमारें पंचवीस मैल चालून सकाळीं तो भीमेच्या कांठीं कोरेगांवास आला, तों पलीकडे बाजीरावाची फौज. तिची संख्या वीस हजारांहून अधिक सांगतात. दिवसभर गांवांत घराघरांतून लढाई झाली. अरब, गोसावी व मराठे यांच्या तुकड्या आंत शिरल्या. आंतल्या लोकांजवळ खाण्यास नव्हतें. नदी समोर असून पाणी नव्हतें. रात्रीं पेशव्यांची फौज निघून गेली. स्टॉन्टनचीं पावणेतीनशेंच्या सुमारास माणसें मेलीं अथवा जायबंदी झालीं, आणि दुसरे दिवशीं रात्रीं तो उरलेल्यांसह पुन्हां शिरूरची वाट चालूं लागला.

येथला ‘जर’ प्रसिद्ध आहे: बाजीराव आणखी एक दिवस ठासून राहिला असता तर? ही गोष्ट सांगणारे बहुधा बाजीरावाच्या भित्रेपणावर येऊन थांबतात. त्या गुणाची साक्ष इतरत्र पुष्कळ आहे, त्याविषयीं आमचा वाद नाहीं. पण हिशेब करून पाहावा. वीस हजार घोडीं धरलीं आणि दर घोड्यास दिवसाला तीनच शेर दाणा धरला, तर साठ हजार शेर, म्हणजे चाळीस शेरांच्या मणानें दीड हजार मण होतात. एका बैलाच्या पाठीवर तीन मण घातले तर रोज पांचशें बैल नुसत्या दाण्याला; वैरण निराळी, माणसें निराळीं. अशी फौज एका जागीं राहूंच शकत नाहीं. तिनें रोज नवें गांव खाल्लें पाहिजे. पुणें नोव्हेंबरांतच गेलेलें; कोठ्या नाहींत, पाठीशीं ठाणें नाहीं, मागें जनरल स्मिथ. अशा स्थितींत थांबणें म्हणजे शौर्य खरें, परंतु तें एका दिवसाचें. कोरेगांव पडलेंच असतें, तरी पुण्यांत कर्नल बरची फौज होती, शिरूरची छावणी होती, नगरचा किल्ला होता आणि स्मिथ येऊन ठेपतच होता. २० फेब्रुवारीस आष्टीस बापू गोखले पडले तें कदाचित् आणखी कांहीं आठवड्यांनीं पडते.

मग या ‘जर’नें कांहींच बदललें नसतें काय? बदललें असतें, आणि पुष्कळ. पण तें सिंहासनाकडे पाहणारास दिसत नाहीं. गांवांत तहानेनें व्याकुळ होऊन लढणाऱ्या शिपायांत महार जातीचे बरेच लोक होते. तेथील स्तंभावर कोरलेल्या नांवांत ‘नाक’ या अखेरीचीं बावीस नांवें आहेत. गांवकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांचीं नांवें दगडावर कोरलेलीं त्या काळीं दुसरीकडे कोठें सांपडणार? १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशीं गेले, आणि त्या दिवसाला निराळाच अर्थ आला. आज लक्षावधि लोक तेथें जमतात ते कंपनीचा जय साजरा करण्यास नव्हे. आपल्या पूर्वजांच्या नांवांस मान देण्यास. कोरेगांव त्या दिवशीं पडतें तर पेशवाईचें आयुष्य महिनाभरानें वाढतें कीं नाहीं याची शंका. पण त्या नांवांचा दगड नक्कीच उभा राहता ना. ज्याला जर-तर करावयाचें आहे त्यानें तो कोणाच्या दृष्टीनें करतों आहे हें आधीं सांगावें, असा आमचा आग्रह आहे तो यासाठीं.

आणि खुद्द पेशवाईच्या दृष्टीनेंच पाहावयाचें, तर तारीख निराळी निवडावी लागेल. स्टॉन्टन शिरूरहून निघाला त्याच्या आधीं बरोबर पंधरा वर्षें, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, बाजीरावानें वसईस तह केला. त्या तहानें सहा पलटणींच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला. १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहानें आणखी मुलूख गेला, व त्यावर पुणें येथील नवें घोडदळ उभें राहिलें. कोरेगांवास स्टॉन्टनबरोबर गेलेले स्वार याच घोडदळाचे. म्हणजे बाजीराव ज्या फौजेशीं लढला तिचा दाणा, तिचा पगार, तिच्या बैलांची वैरण त्याच्याच सहीनें चाललेली होती. शत्रूची रसद तोडावी असें सारीं युद्धशास्त्रें सांगतात. येथें ती स्वतः बांधून दिली होती. यापुढें ‘कोरेगांवास एक दिवस थांबते तर’ या प्रश्नांत काय राम राहिला?

‘मग वसईचा तहच न करता तर’ असें कोणी म्हणेल. हा ‘जर’ मात्र विचार करण्याजोगा आहे. पण तोही एकटा उभा राहत नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसराजवळ यशवंतराव होळकरानें पेशवे व शिंदे यांचा पराभव केला, बाजीराव पळाला व वसईस पोंचला. त्याआधीं १७९८ सालीं शिंद्यांच्या फौजेचा थकलेला पगार भागविण्यासाठीं सर्जेराव घाटग्यानें पुण्याच्या सावकारांस व गृहस्थांस कसें नागविलें, हें सर्वांस ठाऊक आहे. होळकराच्या फौजा पुणें-नगर भागांत फिरल्या, त्यांत पाऊस गेला, आणि १८०३-०४ सालीं या मुलुखांत भयंकर दुष्काळ पडला. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला त्या वेळीं पेशवा कोण आणि कंपनी कोण, यापेक्षां कोणाचे घोडे आज रानांत शिरणार याची चिंता अधिक होती. जी फौज आपल्याच रयतेचें बियाणें खाते तिचे विजय फार काळ टिकत नाहींत. तेव्हां वसईचा ‘जर’ मांडावयाचा तर पगार कोठून आला असता, येथून आरंभ केला पाहिजे.

मराठ्यांस हें कळत नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. उलट हीच त्यांची खरी विद्या होती. १७२८ सालीं थोरल्या बाजीरावानें निजामाला पालखेडास गांठलें तें तोफांनीं नव्हे; निजाम तोफा मागें टाकून आला होता, व पाणी आणि दाणा तोडल्यावर त्याला मुंगी-शेवगांवास तह करणें भाग पडलें. १७७९ च्या जानेवारींत मुंबईकर इंग्रज सुमारें एकोणीस हजार बैल घेऊन बोरघाट चढून आले. इतक्या बैलांना वैरण घालण्यांतच त्यांची चाल मुंगीची झाली. मराठ्यांनीं पुढचीं गांवें ओसाड केलीं, तळेगांव जाळलें, आणि वडगांवास इंग्रजांनीं हात टेंकले. हे दोन विजय पानिपताइतके आपल्या कल्पनेंत घर करून बसले नाहींत, यांतच आमच्या जर-तरचा दोष उघडा होतो. त्यांत अंबारी नाहीं, गोळी नाहीं. आहे ती जाळलेली गंजी आणि आटलेली विहीर. ‘तळेगांवकरांनीं आपल्या गंज्या जाळूं दिल्या नसत्या तर’ असा लेख कोणी लिहील काय? आम्हांला तो वाचावयास आवडेल. आणि त्यांत तळेगांवकरांचें पुढें काय झालें हेंही यावें.

रसदेकडे पाहण्याचा आणखी एक लाभ आहे. लढाईच्या गोष्टींत ज्यांस नांव नसतें तीं माणसें त्यामुळें दिसूं लागतात. लमाणांचे तांडे दख्खनच्या प्रत्येक मोठ्या फौजेमागें होते; मोगल, मराठे, इंग्रज सर्वांस त्यांनीं धान्य पोंचविलें. त्यांचे बैल गेले, आगगाडी आली. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तेव्हां दख्खन १८७६ पासूनच्या मोठ्या दुष्काळांतून नुकतें बाहेर पडत होतें. तेव्हांपासून दौंड हें नकाशावर ठळक झालें. पण दौंडच्या यार्डांत रात्रपाळी करणाऱ्या माणसाची कथा मराठींत किती वेळां आली? शिरूरच्या छावणीला पखाल पुरविणाऱ्याची तर मुळींच नाहीं.

जर्मन-सोविएत युद्धांतही तेंच. सोविएतांस मिळालेल्या मदतीचा मोठा भाग इराणच्या वाटेनें गेला, आणि त्या वाटेवर हिंदुस्थानच्या पुरवठा खात्याच्या मोटार-तुकड्या होत्या. हिंदी शिपाई उन्हातान्हांत, बर्फाच्या घाटांतून, धुळीच्या रस्त्यांवर मालाच्या मोटारी हांकीत उत्तरेकडे नेत. १९४४ सालीं त्यांतल्या दोघांस सोविएत सरकारनें ‘ऑर्डर ऑफ दि रेड स्टार’ हें पदक दिलें: एक हवालदार गजेंद्रसिंग, आणि दुसरे मद्रास इलाख्यांतले सुभेदार नारायणराव निक्कम. मॉस्कोच्या जर-तरवरचीं जीं पुस्तकें आमच्या वाचनांत आलीं त्यांपैकीं एकाही पुस्तकांत हीं नांवें आम्हांस आढळलीं नाहींत.